रोजच्या वाटेबाहेरचं गाणं

गाणी लिहिणाऱ्या माणसानं आपली वर्षभराची वही कधीतरी एका बैठकीत सलग वाचावी. एकेक गाणं सुटं वाचताना जे नजरेतून निसटतं, ते तेव्हा ठळक दिसतं. माझ्या वहीत दिसलं ते असं: विषय वेगळे, प्रसंग वेगळे, गाणाऱ्यांचे गळे वेगळे, पण ओळ बहुतेक ठिकाणी आठच अक्षरांची. ‘माझ्या दारात पाऊस, तुझी वाट पाहतसे’ ही आषाढातली ओळ आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी केलेलं स्वागतगीत, दोन्ही एकाच मापाची. चालींचंही तेच. पेटीवर काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, सा धरायचा, भूप रागाच्या अंगानं वर जायचं, पंचमावर जरा टेकायचं आणि ओळखीच्या वळणानं खाली उतरायचं.

अष्टाक्षरीवर माझा राग नाही. संतांच्या लहान अभंगापासून ती आपल्या कानात आहे आणि मराठी बोलणं तिच्यात सहज बसतं. प्रश्न एवढाच होता की प्रत्येक गाण्याला तीच का हवी होती? उत्तर मला वहीत सापडलं नाही, माझ्या दिवसात सापडलं. सकाळी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून गाडी काढायची, मिरजकर तिकटी, बिंदू चौक, लक्ष्मीपुरी करत शाहूपुरीत ऑफिस गाठायचं, दिवसभर व्यापाऱ्यांची बिलं आणि जीएसटी, संध्याकाळी त्याच रस्त्यानं घरी. जेवणं आटोपली की त्याच कोपऱ्यात, त्याच चटईवर पेटी उघडायची. शब्द कुठून येतात याबद्दल पुष्कळ बोललं जातं. ते किती लांबीचे येतात, कुठे श्वास घेतात, कुठे अडतात, हे मात्र शरीर ठरवतं, आणि शरीराला रोजच्या दिवसाची लय पाठ झालेली असते.

म्हणून मी आधी सर्वांत सोपी गोष्ट बदलली. काळी चार सोडून पांढरी एकचा सा धरला. पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल: सा बदलला की बोटांच्या खालची जमीन बदलते. जिथे अंगठा आपसूक जायचा तिथे आता दुसराच स्वर असतो. गळ्याला ती पट्टी सोयीची नव्हती, वरचा षड्ज हाताबाहेर जात होता, त्यामुळे चाल मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात राहिली, मंद्रातल्या, म्हणजे त्याखालच्या सप्तकातल्या, धैवतापर्यंत गेली. माझ्या चालीत इतकी वर्षं मंद्र सप्तक आलंच नव्हतं. त्या चालीवर जे शब्द आले तेही वेगळे होते, हळू आवाजात बोलल्यासारखे. तार सप्तकात माणूस हाक मारतो, मंद्रात तो सांगतो.

कोल्हापुरात राहून हे लिहिताना उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची आठवण टाळता येत नाही. 1855 साली राजस्थानात जन्मलेले खाँसाहेब 1895 च्या सुमारास कोल्हापुरात आले, शाहू महाराजांच्या दरबारी गायक झाले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे 1922 पर्यंत, इथेच राहिले. त्याआधी, तरुण वयात, आमलेटा इथल्या दरबारात सतत गाण्याच्या ताणानं त्यांचा आवाज गेला होता. बऱ्याच काळानं तो परतला, पण पहिल्यासारखा राहिला नव्हता. मग आलेल्या आवाजाला जे पेलेल, त्यातूनच त्यांनी नवी गायकी बांधली. जयपूर-अत्रौली घराण्याचं ते वक्र, लयीशी घट्ट बांधलेलं, श्वास पुरवून पुरवून पुढे जाणारं गाणं आज आपण ऐकतो, त्याच्या मुळाशी एक मोडलेली सवय आहे. खाँसाहेबांनी ती स्वतःहून मोडली नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाच्या शेजारी माझी पट्टी बदलण्याची गोष्ट मांडायची नाही, पण गळा अडला की गाणं दुसरी वाट काढतं, हे आमच्याच गावात इतक्या उंचीवर घडून गेलंय याचा मला फार आधार वाटतो.

नंतर मी गुरुवारी गाडी घरी ठेवायला लागले आणि केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या बसनं, जायला लागले. गाडीवर असताना कान बंद असतात. हेल्मेट, हॉर्न आणि पुढच्या रिक्षावर नजर. बसमध्ये माणसं बोलतात, आणि कोल्हापूरची माणसं हळू बोलत नाहीत. जुलै महिना होता. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. 39 फूट झाले की इशारा, 43 झाले की धोका. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी पाहिलाय ते सकाळी उठल्यावर आधी तो आकडा बघतात, मग चहा. पाणी नुकतंच ओसरायला लागलं होतं. माझ्या पुढच्या सीटवर एक बाई फोनवर बोलत होत्या. पलीकडे बहुधा सून असावी, माहेरी किंवा पाहुण्यांकडे नेऊन सोडलेली. बाईंनी जनावरांचं विचारलं, पोराच्या तापाचं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, “पाणी उतरलंय, आता घराकडं ये.”

माझा स्टॉप चुकला. ती ओळ मला चालीसकट ऐकू आली होती. ‘पाणी उतरलंय’ला एक उतार होता, ‘आता’वर टेकून श्वास होता आणि ‘ये’ लांबला होता. अशी ओळ मला पेटीवर बसून कधीच सुचली नसती, कारण पेटीवर बसले की मी पुराचं गाणं लिहायला बसते, आणि पुराचं गाणं म्हटलं की माझ्या हातून नदी कोपते, आभाळ फाटतं, संसार वाहून जातो. त्या बाईंना त्यातलं काहीच म्हणायचं नव्हतं. त्या सुनेला घरी बोलवत होत्या. चिखली, आंबेवाडी अशा नदीकाठच्या गावांत पूर आला की माणसं आधी जनावरं हलवतात, मग सामान, मग स्वतः निघतात, आणि पाणी उतरल्यावर गाळ काढत परत येतात. त्या सगळ्या येण्याजाण्याचं गाणं त्या एका वाक्यात होतं.

बस ही काही जादूची जागा नाही. पण रोजच्या रस्त्यावर मला काय ऐकायला मिळणार आहे हे मनाला आधीच माहीत असतं, म्हणून ते ऐकतच नाही. गुरुवारी मी कुठे बसेन, शेजारी कोण येईल, काय बोलेल, काहीच ठरलेलं नसतं. मन जागं राहतं ते त्यामुळे.

याबाबत एक डच प्रयोग वाचला तो मला फार आवडला. सिमोने रिटर आणि सहकाऱ्यांनी तो 2012 साली प्रसिद्ध केला. नेदरलँड्समध्ये लोक न्याहारीला पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे भुरभुरवतात. प्रयोगात काहींना हा क्रम उलटा करायला लावला: दाणे आधी ताटलीत, मग पावाला लोणी, मग लोण्याची बाजू दाण्यांवर दाबायची. इतक्या क्षुल्लक बदलानंतर त्या लोकांची विचारातली लवचिकता नेहमीच्या क्रमानं पाव करणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. स्वतः केल्याशिवाय मात्र हा परिणाम होत नाही, दुसऱ्याला करताना नुसतं बघितलं तर फरक पडत नाही, असंही त्यांना आढळलं. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लोकांच्या प्रवासाचे व्हिडिओ बघून माझी एक ओळही बदललेली नाही.

गाण्यात क्रम उलटा करायला खूप जागा आहे. मी नेहमी मुखडा आधी लिहायची, आता कधी कधी शेवटचं कडवं आधी लिहिते. शब्द आधी करायची, आता कधी नुसती चाल बांधते आणि त्यात ‘ताना नाना’ भरून ठेवते. मराठीला हे परकं नाही. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं उघडली तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच कुठल्या गाण्याचे शब्द दिलेले असतात. कीर्तनातली, लावणीतली, कानडी मुलुखातली चाल उचलायची आणि तिच्यात मराठी शब्द बसवायचे, यावर आपली रंगभूमी उभी राहिली. आमच्या करवीर भागातल्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे या बाबतीत फार धाडसी. ते पेटीचे बादशहा. 1911 साली ‘मानापमान’ नाटकाच्या चाली करताना त्यांनी पूरब अंगाच्या, म्हणजे बनारस-लखनौकडच्या, ठुमरी, दादरा, कजरीची वळणं मराठी पदांत आणली. ती चाल सरळ मराठी ओळीत मावत नाही. तिला लचक लागते, मध्येच थांबणं लागतं, शब्द ताणावा लागतो. परक्या चालीनं मराठी ओळीला नवी सवय लावली, आणि आज तीच पदं आपल्याला अस्सल मराठी वाटतात.

चालण्याबद्दल लिहायला हवं. रंकाळ्याभोवती पहाटे चालणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात उशिरा आले. रंकाळ्याचा पदपथ सपाट, पावलं सारखी पडतात, शालिनी पॅलेसच्या बाजूनं वारा असतो. या चालण्यात आपोआप केरव्याचा ठेका लागतो. आठ मात्रा, चार पावलं दोनदा. शब्द भरभर येतात, ओळीमागून ओळ, चांगल्या-वाईटाचा विचार न करता. स्टॅनफर्डच्या मारिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी 2014 साली हेच मोजलं. बसलेल्या माणसांच्या तुलनेत चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी साठ टक्के जास्त सुचल्या. गंमत म्हणजे बंद खोलीत, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. म्हणजे तळ्याचं सौंदर्य, पक्षी, उगवता सूर्य हे सगळं छान असलं तरी मुख्य काम पाय करतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, तिच्याकडे मी पुढे येते.

जोतिबाचा डोंगर हे मात्र निराळं चालणं. गाडीरस्त्यानं वर गेलं तर काही कळत नाही. पायथ्यापासून पायवाटेनं चढलं की चौथ्या-पाचव्या वळणाला श्वास तुटायला लागतो आणि ओळही तुटते. तीन अक्षरं, थांबा. चार अक्षरं, थांबा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंचच उंच सासनकाठ्या घेऊन माणसं नाचतात, हलगी, घुमकं आणि कैताळ वाजत असतं, आणि ‘चांगभलं’ची आरोळी उठते ती एका श्वासात मावेल एवढीच असते. खांद्यावर, कमरेवर वजन असलेल्या माणसाला लांब ओळ म्हणता येत नाही. जोतिबाची गाणी तुटक आणि ठसक्याची का, हे मला डोंगर चढताना कळलं. खाली बसून तशी ओळ लिहायचा प्रयत्न केला की ती नकली येते. चढून आल्यावर, धाप असताना लिहिली की खरी येते. आता ठसक्याचं गाणं हवं असेल तर मी टेंबलाईच्या टेकडीच्या पायऱ्या भराभर चढते आणि वर पोहोचल्याबरोबर फोनमध्ये गुणगुणून ठेवते.

आणि गुऱ्हाळ. वडणग्याकडे आमच्या नात्यातल्यांचं गुऱ्हाळ आहे. दिवाळीनंतर सुरू होतं, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. लहानपणी रस प्यायला, काकवी खायला गेलेली. मोठेपणी रात्रभर तिथे बसायचं मुद्दाम ठरवलं, गाणं लिहायचं म्हणून नव्हे, आपल्या झोपेच्या वेळेत जग काय करतं ते बघायचं म्हणून. पहाटे दोन-तीनला मी जागी असतच नाही. जागी असले तर काळजीनं.

चरकातून रस येतो, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडतो. खालच्या चुलवाणात चिपाडं टाकणारा जळव्या सतत वाकतो, उठतो. रस तापला की रानभेंडीचा चिकट पाला-साल ठेचून काढलेलं पाणी घालतात, त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. मग उकळी. काहिलीच्या कडेला उभं राहिलं की वाफेनं चेहरा भिजतो. गूळ करणारा गुळव्या मला म्हणाला, “वहिनी, जरा मागं सरा, उकळी फुटाय लागलीया.” मी मागे सरून बाकावर बसले आणि डोळे मिटले. त्यानंतरचे दोनेक तास मी जे ऐकलं ते मला कुठल्याही मैफलीत मिळालं नव्हतं.

रस पातळ असतो तेव्हा उकळीचा आवाज बारीक असतो, खळखळ, भरभर, जवळजवळ पाऊस पडल्यासारखा. पाणी उडत जातं तसा रस दाटतो आणि बुडबुडे मोठे व्हायला लागतात. मोठा बुडबुडा फुटायला वेळ लागतो. आवाज जाड होत जातो, दोन आवाजांमधली जागा वाढत जाते. शेवटी शेवटी एकेक बुडबुडा सुटा ऐकू येतो, घुमक्यावर तळवा पडावा तसा. गुळव्या काहिलीकडे कमी बघत होता, कान देऊन उभा होता. मग त्यानं थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून पाहिली आणि जळव्याला हातानं खूण केली. जाळ बंद. काहील उचलून गूळ निवायच्या वाफ्यात ओतली गेली आणि एकदम शांतता झाली. मग खोऱ्यानं हलवण्याचा आवाज सुरू झाला.

आपली बहुतेक गाणी, भजनं तर नक्कीच, हळू सुरू होतात आणि द्रुत होत जातात. टाळ चढत जातो, लय वाढते, शेवटी टिपेला जाऊन संपतं. हे इतकं ठरलेलं आहे की उलट असू शकतं हे माझ्या मनात आलं नव्हतं. गुऱ्हाळात मी जवळून ऐकलं की एखादी गोष्ट पूर्ण होत जाते तशी सावकाश होत जाते. तिथे बसूनच ओळ आली:

रात सरत आली, काहिलीत चंद्र आटत आला
हात थांबव दादा, रस हा पिवळा दाटत आला

सात आणि अकरा, अठरा अक्षरांची ओळ. मी आजवर इतकी लांब ओळ लिहिली नव्हती. ती येण्याचं कारण साधं आहे. मी बसले होते तिथे प्रत्येक गोष्ट लांबत चालली होती. त्या गाण्याचं पहिलं कडवं केरव्यात भरभर जातं, दुसऱ्यात ठेका अर्धा होतो, तिसऱ्यात नुसतं टाळाचं टोक आणि शब्दांमध्ये मोकळी जागा. तबल्यावर साथ करणाऱ्या आमच्या मित्राला हे पटायला वेळ लागला. लय सोडण्याची सवय हाताला नसते, धरण्याची असते. दोन-चार वेळा वाजवल्यावर मात्र त्यालाच त्या मोकळ्या जागा आवडायला लागल्या.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की नित्यक्रम हा गाण्याचा वैरी आहे. तसं असतं तर जात्यावरची ओवी जन्मालाच आली नसती. रोज पहाटे तेच घर, तेच जातं, तोच खुंटा, तीच ज्वारी. त्यापेक्षा बांधलेला नित्यक्रम कुठला? तरीही हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. एक लाख. आणि प्रत्येकीत काहीतरी नवं, भाऊ, पाऊस, विठ्ठल, सासर, भीमराव, रेल्वे.

मी याबद्दल आमच्या आत्तींना, म्हणजे सासूबाईंना विचारलं. त्यांनी लहानपणी आजीबरोबर जात्याला हात लावलेला. त्या म्हणाल्या, “हात तेवढा जात्याला बांधलेला असतोय गं. मन कुठं बांधलंय? ते माहेरी जाऊन येतंय, पंढरपूरला जाऊन येतंय. दळण संपतंय तवर सगळं गाव फिरून होतंय.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तुमचं उलटं झालंय. हात मोकळा नि मन त्या मोबाइलला बांधलेलं.”

मला वाटतं आत्तींनी नेमकं सांगितलं. शरीरानं एकच काम पुन्हा पुन्हा करणं गाण्याला मारत नाही, उलट पोसतं. मारतं ते लक्षाचं एकाच खुंट्याला बांधलं जाणं. मी गाडीवरून जायची तेव्हा शरीर जागा बदलत होतं, रस्ता मागे पळत होता, पण लक्ष बिलांत होतं आणि घरी आल्यावर स्क्रीनमध्ये. म्हणून आता मी काही बदलायचं ठरवते तेव्हा एकच विचारते, यानं माझं लक्ष सुटं होणार आहे का. चपाती लाटताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हा माझ्या दृष्टीनं मोठा बदल आहे. गोव्याला चार दिवस जाऊन येणं हा छोटा. गोव्यात लक्ष फोटोत असतं, हॉटेलात असतं, मुलांनी पाण्यात फार आत जाऊ नये यात असतं. मोठ्या सहलीवरून मी गाणं घेऊन आल्याचं मला आठवत नाही. मोठ्या बदलाला डोळे भुलतात, कान मागे राहतात.

शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावी, या मतावर मी आता पक्की आहे. सा बदलला तर जागा तीच ठेवायची. जागा बदलली तर वेळ तीच. सगळंच उधळलं की काय कशामुळे आलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी ते पुन्हा बोलावता येत नाही. सकाळची खर्जाच्या रियाजाची वीस मिनिटं मी कधीच हलवलेली नाहीत. ज्या गावात जगदीश खेबुडकरांसारखा कवी शिक्षकाची नोकरी करत चित्रपटांसाठी गाणी लिहीत राहिला, तिथे घंटेप्रमाणे चालणाऱ्या दिवसाला कमी लेखायचं धाडस मला होत नाही.

स्टॅनफर्डच्या त्या अभ्यासातली राहिलेली गोष्ट ही. ज्या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर असतं, तिथे चालणाऱ्यांची कामगिरी बसलेल्यांपेक्षा किंचित खालावली. गाणं पूर्ण करणं हे तसंच काम आहे. ‘दाटत’ की ‘दाटून’, ‘दादा’ की ‘बाबा’, इथे दहा पर्यायांचा उपयोग नसतो, एकच हवा असतो आणि तो ओळखायला स्थिर बसावं लागतं. ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज विचारवंतानं 1926 साली निर्मितीचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरणं, स्फुरणं आणि पडताळणी. बस, डोंगर, गुऱ्हाळ हे मधल्या दोन टप्प्यांच्या कामाचे. पहिला आणि शेवटचा माझ्या त्याच चटईवर, त्याच दिव्याखाली होतो. फोनमध्ये गुणगुणलेलं मी शनिवारी रात्री ऐकते आणि त्यातलं बहुतेक पुसून टाकते. डोंगरावर धाप लागलेली असताना भन्नाट वाटलेलं घरी पोकळ निघतं, आणि बसमध्ये सहज टिपलेलं टिकतं. का, ते दर वेळी वेगळं असतं.

‘पाणी उतरलंय’ या गाण्याचं मात्र चटईवर काही होईना. मुखडा चांगला, पहिलं कडवं बरं, पुढे गाडी अडली. चाल मी कोमल गंधारावर बांधली होती, करुण, संथ. श्रावण लागला, नागपंचमी झाली आणि आमच्या गल्लीत गौरीसाठी झिम्मा-फुगडीचा सराव सुरू झाला. मी दरवर्षी बाजूला बसून गाणी सांगायची, या वेळी फेरात उतरले. टाळीला टाळी देत गोल फिरताना गाणं म्हणायचं म्हणजे ओळीचा जोर टाळीवरच पडावा लागतो, दुसरीकडे पडला तर सगळा फेर चुकतो. मी ती ओळ म्हणून बघितली. बायकांनी दुसऱ्याच फेरीला ती बदलली. त्यांनी ‘आता’ काढून टाकलं. ‘पाणी उतरलंय, घराकडं ये’ असं म्हणत टाळी ‘उतरलंय’वर आणि ‘ये’वर मारायला लागल्या. संथ गाणं उडतं झालं. कोमल गंधार कुणाच्या लक्षातही राहिला नाही, शुद्धच लागला. आणि ते बरोबर होतं. घरी परत बोलावणाऱ्या बाईचा आवाज रडवेला का असेल?

मग कडव्यांचाही प्रश्न राहिला नाही. झिम्म्याच्या गाण्यात प्रत्येकीला आपलं नाव, आपलं माहेर घालायची मुभा असते, तशी एकेकीनं आपल्या गावाची ओळ जोडली. चिखलीच्या काकूंनी म्हशीची घातली, कारण पुरात त्यांनी आधी म्हैस सोडली आणि मग ट्रंक उचलली होती. आंबेवाडीच्या वहिनींनी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेची घातली. नरसोबाच्या वाडीहून लग्न होऊन आलेल्या मुलीनं देवळात पाणी शिरलं की ते पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारानं बाहेर पडतं आणि लोक तिथं स्नान करतात, त्याची घातली, आणि तिच्याच ओळीला सर्वांत जोरात टाळी पडली. मी घाईघाईनं सगळं वहीत उतरवून घेतलं. शिरोळच्या सुनेची ओळ अजून यायची आहे. तिला ती फेरात जुळत नाही म्हणते, ऊस खुरपताना जुळेल, रविवारी रानात जाऊन आल्यावर सांगणार आहे.